एक मिनिटाचा बोकड

३ डिसेंबर, मंगळवार

आज कॉम्प्युटर माझा झाला. भूषणच्या दुकानात बिलं करायला होता तोच, जुना. नवीन आल्यापासून त्याच्यावर औषधांचे खोके ठेवायचे. भूषण म्हणाला, "घे, घरी ठेव, तुझी चित्रं काढ." दुकान म्हणजे कृषी सेवा केंद्र, साक्रीच्या बाजारात. त्यामुळे की-बोर्डला अजून कीटकनाशकाचा वास येतो आणि जोरात टाइप केलं की मला शिंका येतात.

हे लिहून ठेवतेय, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. जामनेरला आईला सांगितलं तर ती संध्याकाळपर्यंत गल्लीभर करेल. तर गोष्ट अशी. धुळ्याला देवपुरात धम्मपाल सरांचा छोटा स्टुडिओ आहे. लहान मुलांच्या गोष्टींचे कार्टून व्हिडिओ करतात, तेही अहिराणीतून. त्यांना चित्रं हलवणारं माणूस पाहिजे. माझी मैत्रीण रूपाली तिथे आवाजाचं काम बघते, तिने माझं नाव घातलं. मी ए.टी.डी. केलंय, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा, हात चांगला आहे, पण लग्न होऊन साक्रीला आल्यापासून दोन वर्षांत रांगोळी आणि मेंदीपलीकडे तो गेलेला नाही. सर फोनवर म्हणाले, "सॉफ्टवेअर फुकट आहे ताई, उतरवून घ्या, शिका. सत्तावीस तारखेपर्यंत एक मिनिटाची गोष्ट करून पाठवा. जमली तर जागा तुमची."

मला ही नोकरी पाहिजे. इतकी पाहिजे की काल त्याच विचारात भाकरी तव्याऐवजी ओट्यावर टाकली.

अडचण एकच, आबा. माझे सासरे. माणूस वाईट आहे असं नाही, पण आमच्या ह्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. भांडण नाही, रीत आहे. डोक्यावर पदर घ्यायचा आणि बोलायचं ते हवेत. मी दाराकडे बघून म्हणते, "चहा झाला म्हणावं." आबा छपराकडे बघून म्हणतात, "साखर कमी टाका म्हना." मध्ये कोणी नसतं, तरी निरोप पोचतो. चहा-भाकरीपुरतं हे ठीक आहे. पण 'मी रोज एसटीने धुळ्याला नोकरीला जाऊ का' हे दाराला कसं सांगू? तिथे भूषणच पाहिजे. तो म्हणाला, "मी विचारतो ना आबांना. माझ्यावर सोड." नवरा खरंच गुणी आहे माझा.

५ डिसेंबर, गुरुवार

सरांनी सांगितलं होतं, आधी गोष्ट लिहा, मग कागदावर चौकोन आखून त्यात कच्ची चित्रं काढा, कुठल्या चौकोनात काय घडतं ते ठरवा, आणि मगच कॉम्प्युटरला हात लावा. मी म्हटलं, गोष्ट माझ्या डोक्यात तयार आहे, कागद कशाला नासायचा?

गोष्ट अशी: म्हातारा आठवडे बाजारातून बोकड घेऊन घरी निघतो. बोकड अर्ध्या वाटेत रुसून बसतो. म्हातारा ओढतो, गोंजारतो, शिव्या देतो, पण बोकड ढिम्म. शेवटी म्हातारा स्वतःच रुसून बसतो. मग बोकड घाबरतो आणि म्हाताऱ्याचं धोतर धरून त्यालाच घरी ओढत नेतो. दारात म्हातारी उभी. संपलं. मला तर लिहितानाच हसू येतंय.

सकाळपासून बसून चित्र काढलं. निंब, विहीर, घर, म्हातारी, म्हातारा, बोकड. असं देखणं की भिंतीवर लावावं. मग म्हाताऱ्याला धरून जरा पुढे सरकवलं, तर त्याच्याबरोबर निंब निघाला, विहीर निघाली, घर निघालं, सगळं गाव उजवीकडे चालत गेलं आणि मागे पांढरा पडदा राहिला. मी सगळं एकाच थरावर काढलं होतं!

सरांना फोन केला. ते म्हणाले, "प्रत्येक गोष्ट वेगळ्या थरावर काढायची ताई. एकावर एक काचा ठेवल्यासारखं. आणि ज्याला हलवायचं आहे त्याचे तुकडे करायचे. मान वेगळी, दंड वेगळा, पंजा वेगळा." म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. दुपारभर म्हाताऱ्याचे हातपाय वेगळे करत बसले. आक्का, म्हणजे सासूबाई, चहा घेऊन आल्या आणि स्क्रीनवर मुंडकं एकीकडे, पाय एकीकडे बघून ओरडल्या, "माय वं! कोन्ही मारं याले?"

८ डिसेंबर, रविवार

भूषणने आज आबांना विचारलं. उत्तर काही धड नाही. म्हणाला, "आबा म्हणाले, बघू." मी म्हटलं, कसे म्हणाले? रागाने की साधं? तर म्हणे, "तसं साधंच. पण तुला माहितीये ना आबांचं 'बघू' म्हणजे काय ते."

मला काय माहिती असणार, मी त्यांच्याशी बोललेय कधी?

बिचाऱ्याने एवढ्यासाठी त्यांना कुठे गाठलं कोण जाणे. आबा उजाडताच कांद्याला पाणी द्यायला शेतावर गेलेले, ते अंधार पडता आले. भूषण दहापर्यंत गोधडीत, मग क्रिकेट. फोन केला म्हणावं, तर आबांचा फोन दिवसभर माझ्याच टेबलावर चार्जिंगला होता. पण माझ्यासाठी त्याने काहीतरी खटपट केलीच ना. रात्रीच्या भरितात त्याला शेंगदाणे जास्त टाकले.

आणि एक नवीन ताप. आबांनी आपली खाट पडवीतून उचलून आतल्या खोलीच्या दाराशी आणली. कॉम्प्युटर बरोबर समोर दिसतो. छपराला सांगितलं, "पडवीमा थंडी वाजस म्हना." आजपर्यंत भर थंडीत पडवीत झोपणारा माणूस! आता माझ्यावर पहारा बसला.

११ डिसेंबर, बुधवार

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

तुकडे केल्यावर ते एकमेकांना जोडायचे असतात. पंजा दंडाला, दंड खांद्याला. म्हणजे खांदा हलला की खालचं सगळं त्याच्याबरोबर हलतं. कोण कोणाच्या खाली, ते एका उतरत्या यादीत लावायचं. मी मन लावून लावलं. सगळ्यात वर म्हातारा. घरातला मोठा माणूस, तो वर नको का? त्याच्या खाली म्हातारी. म्हातारीच्या खाली घर. घराच्या खाली विहीर, निंब, आणि सगळ्यात खाली बोकड. मला तर वाटलं, काय शिस्तीत काम झालंय.

मग म्हाताऱ्याची मान 'नाही' म्हणून डावीकडे वळवली. म्हातारी आडवी झाली. घर तिच्याबरोबर कलंडलं. विहीर आभाळात गेली, आणि बोकड घराच्या धाब्यावरून उलटा फिरून म्हाताऱ्याच्या डोक्यावर येऊन थांबला. मान उजवीकडे वळवली, सगळं पुन्हा गरगर फिरून दुसऱ्या बाजूला.

मागे खाटेवरून कसला तरी घुसमटल्यासारखा आवाज आला. वळून बघितलं तर आबांनी तोंडावर टॉवेल घेतलेला आणि खांदे हलत होते. खोकला झाला वाटतं. मी दाराला म्हटलं, "काढा करू का म्हणावं." त्यांनी हातानेच नको केलं.

सर फोनवर इतके हसले की रूपालीने फोन हातात घेऊन "काय झालं गं?" विचारलं. मग सर म्हणाले, "अहो ताई, म्हातारी म्हाताऱ्याला कशाला बांधता? ज्याचे अवयव त्याला जोडा. बाकी प्रत्येकाला आपल्या पायावर मोकळं सोडा."

बोलायला सोपं आहे. ह्या घरात येऊन बघा म्हणावं, सगळं कोणाच्या मानेवर फिरतं ते.

१२ डिसेंबर, गुरुवार

सगळे सोडवले. प्रत्येक जण मोकळा. आता कोणीच हलत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

बोकड चालायला लागला! पहिलं पाऊल आणि शेवटचं पाऊल आपण ठरवायचं, मधलं सॉफ्टवेअर भरून काढतं. चार पाय असल्याने घोळ होतो, पण साधला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात खाटेवरून छपराला उद्देशून शेरा आला, "बोकड्या असा नही चालस म्हना. आगला दोन्ही पाय संगे टाकस."

झालं. शेतकरी माणूस, जन्म गेला जनावरांत, त्यांना काय मी शिकवणार? दुपार मोडून पुढचे दोन्ही पाय बरोबर टाकायला लावले. आबा स्वतः उठून स्क्रीनजवळ आले, चष्मा लावून बघितलं, आणि मान डोलावत परत जाऊन बसले. सरांना पाठवलं. सरांचं उत्तर आलं, "ताई, गोष्टीत ससा कधी आला?"

मी असली वैतागले! संध्याकाळी आबा शेजारच्या वाड्यासमोर दगडावर बसून राहिले. समोर शेजाऱ्यांच्या बकऱ्या बांधलेल्या असतात. बऱ्याच वेळाने परत आले आणि भिंतीला म्हणाले, "पहिलेच बरं व्हतं म्हना."

मुद्दाम करतात का काय, कळत नाही. माझा वेळ जावा म्हणून.

आणि तसंच असणार. कारण भूषणने आज पुन्हा विषय काढला म्हणे. "आबा म्हणाले, बाईमाणसाने रोज एसटीत धक्के खायचे, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, अहिराणीत बोलले असतील ना, नक्की कसं म्हणाले ते सांग. तर भूषण डोकं खाजवून म्हणाला, "ते काही आता शब्दाला शब्द लक्षात नाही." त्याला तरी किती त्रास द्यायचा? दोन्हीकडून बोलणी खातोय बिचारा.

१९ डिसेंबर, गुरुवार

सगळं हललं, तेव्हा पहिल्यांदा पूर्ण लावून बघितलं. गोष्ट जवळजवळ चार मिनिटांची झाली! बोकडाचं रुसणंच एवढं लांबलं की मलाच त्याला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. सरांना विचारलं तर एकच प्रश्न, "चौकोन आखले होते का?"

नव्हते आखले. आज आखले. बाजारातून आणलेल्या पुड्यांचे कागद, लग्नाच्या पत्रिकांच्या पाठी, मिळेल त्यावर. भिंतीवर ओळीने चिकटवले. मग कळलं की म्हातारा तीनदा ओढतो ते एकदाच पुरे, आणि विहिरीचं तर काही कामच नाही. एवढी कष्टाने काढलेली विहीर, काढून टाकली. फार वाईट वाटलं.

आक्कांच्या भिशीच्या बायका आल्या होत्या. नेहमी संध्याकाळपर्यंत हलत नाहीत. आज आबांनी येऊन पडवीतला पंखा फुल केला. डिसेंबरात! बायका कुडकुडत पंधरा मिनिटांत घरी. आक्का दिवसभर नवऱ्यावर धुसफुसत होत्या. मला मात्र चौकोन आखायला शांतता मिळाली. ह्या माणसाच्या विक्षिप्तपणाचा एकदा तरी फायदा झाला म्हणायचा.

२१ डिसेंबर, शनिवार

आवाज. सरांची अट आहे, म्हाताऱ्याचा आवाज अस्सल अहिराणी पाहिजे. मी जामनेरची, आमच्याकडची बोली वेगळी. मी 'आहे'ऐवजी 'शे' म्हटलं की आक्का हसतात. भूषणला बसवलं, तो मोबाईल समोर धरताच बातम्या दिल्यासारखा बोलायला लागला. "अरे बोकडा, चल घरी." मी म्हटलं, जा तू दुकानात.

राहिलं कोण? मी आक्कांना म्हटलं, आक्कांनी आबांना म्हटलं, "तुम्हना आवाज लागस म्हने, पिक्चरमा." मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. पण ते उठले, तोंड धुऊन आले, स्वच्छ टोपी घातली. आवाजाला टोपी कशाला लागते देव जाणे.

दारं-खिडक्या लावल्या, कुकर बंद केला, मोबाईल डाळीच्या डब्यावर ठेवला. आक्का एकेक वाक्य वाचून दाखवायच्या, आबा म्हणायचे. "चाल रे बोकड्या, घर चाल!" काय आवाज आहे! अंगावर काटा आला. "नही येस? मंग मी बी आठेच बससू!" एका दमात, पहिल्याच फटक्याला.

पण मग थांबेनात. कागदावरचं संपलं तरी आबा मोबाईलकडे बघून त्या बोकडाला झापतच राहिले. "तुले तोंड नही का रे? काय पायजे ते मोकयं सांग ना! दुसराना मांगे काब्रं दपस? मी काय खाई टाकसू तुले?" दुसऱ्यामागे का लपतोस म्हणे, त्या बोकडाला! आक्का माझ्याकडे बघायला लागल्या. मी हाताने पुरे पुरे केलं.

तो शेवटचा भाग कापून टाकला. आवाज सुंदर आहे, पण एका मिनिटात बसत नाही, आणि बोकडाला एवढं सुनावून काय उपयोग?

२४ डिसेंबर, मंगळवार

ओठ. आवाजाप्रमाणे म्हाताऱ्याचं तोंड उघडझाप करायला लावायचं. 'बो' ला मिटलेलं, 'चा' ला मोठं. चार-पाच तोंडं काढून ठेवायची आणि जागच्या जागी बदलायची. एक वाक्य बसवायला सकाळ गेली. आज माझ्यामुळे वरण लागलं. कोणी काही म्हणालं नाही. आबांनी तर करपलेलं दोनदा मागून घेतलं. भूषण तेवढा म्हणाला, "हे असंच चालणार का रोज?"

दुपारची भाजीही काल अळणी होती म्हणे. मी म्हटलं, मिठाची खिशात ठेव ना एक पुडी.

२६ डिसेंबर, गुरुवार

उद्या पाठवायचं. आता शेवटचं काम, सगळं एकत्र शिजवून एक व्हिडिओ काढायचा. मी त्याला शिजवणंच म्हणते. आपला कॉम्प्युटर म्हणजे ओली लाकडं. स्क्रीनवर पट्टी दाखवत होती, तीन तास लागतील. आणि मध्ये लाईट गेली की पहिल्यापासून.

सकाळी नऊला लावलं, दहाला लाईट गेली. अकराला लावलं, पुन्हा गेली. आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी गेली दिवाळी झाल्यापासून मेलेली. मी रडायच्या बेतात होते, हे खोटं का लिहू, रडलेच.

तेवढ्यात आबा वायरमन तोतारामला घेऊन आले. दोघांनी मिळून ट्रॅक्टरची बॅटरी उचलून आणलेली. इन्व्हर्टरला जोडली, पंखा फिरला, कॉम्प्युटर चालू झाला. आबांनी छपराला सांगितलं, "थंडीमा ट्रॅक्टर उभं शे, बॅटरी उतरी जास म्हना. आठे ऱ्हाऊ द्या." नशीब माझं जोरावर, नेमका आजच त्यांना बॅटरीचा उतार आठवला.

दुपारी जेवायला आलेल्या भूषणने ट्रिमर चार्जिंगला लावायला कॉम्प्युटरचा प्लग काढला. पट्टी जवळजवळ भरत आलेली! मी किंचाळले. "चुकून," म्हणाला. दाढी तर सकाळीच केली होती त्याने. आबा खाटेवरून उठले, प्लग परत लावला आणि खाट सरकवून त्या बोर्डासमोरच आडवे झाले. सांजेला व्हिडिओ निघाला तेव्हा तिथेच घोरत होते.

२७ डिसेंबर, शुक्रवार

पाठवला.

३ जानेवारी, शुक्रवार

जागा माझी!! सरांचा सकाळी फोन आला. "ताई, बोकड फर्स्ट क्लास. आणि तो म्हाताऱ्याचा आवाज कोणाचा हो? सोमवारी या. पण येणार की नाही ते रविवारी संध्याकाळपर्यंत नक्की सांगा, नाहीतर दुसरं माणूस बघावं लागेल." मी स्वयंपाकघरात जाऊन आक्कांना मिठी मारली. त्यांना काही समजलं नाही, पण त्यांनीही मारली.

भूषण दुपारी आला. मी म्हटलं, आता स्पष्ट विचारून ये, शेवटचं. तो बाहेर गेला आणि पाण्याचा ग्लास भरेपर्यंत आत आला. "नाही म्हणाले. सरळ नाही. मी खूप समजावलं गं."

एवढ्यात समजावलंसुद्धा! नाही म्हणायला आबांना विचारसुद्धा करावा लागला नाही. एक महिना ज्यांनी खाटेवर बसून माझं सगळं काम बघितलं, ज्यांनी आवाज दिला, त्यांनी एका घोटात नाही म्हणावं? इतका राग आलाय की काय लिहू. हरामखोर बोकड बरा, निदान रुसतो तरी समोर.

जामनेरला आईला फोन लावला आणि तिने उचलायच्या आत ठेवला.

४ जानेवारी, शनिवार

आज कोणाशी बोलले नाही. भाकरी झाल्याचं दारालाही सांगितलं नाही, ताट नुसतं पुढे ठेवलं.

पण एक केलं. मला त्यांच्याशी बोलता येत नाही ना? नको. बोकड तर तयार आहे. त्याचं तोंड मोकळं आहे, म्हाताऱ्यासारखी चार तोंडं त्यालाही काढली. म्हाताऱ्याशी बोकडाने बोलायला कुठली रीत आडवी येते? मोबाईल डाळीच्या डब्यावर ठेवला आणि माझ्या मोडक्या अहिराणीत बोलले. सात-आठ वेळा चुकले. मग ओठ बसवले. ह्यावेळी दोन तासांत झालं. शिकले की मी!

भूषणला सांगितलं नाही. त्याच्यावर अजून किती भार टाकणार?

५ जानेवारी, रविवार

सकाळी सगळे घरात. कळण्याची भाकरी, ठेचा. ताटं वाढली आणि मॉनिटरचं तोंड पंगतीकडे फिरवलं. डोक्यावर पदर घेतला आणि लावलं.

निंबाखाली बोकड उभा राहतो, सरळ समोर बघतो आणि माझ्या आवाजात म्हणतो, "आबा, मी सोमवारपाईन धुयाले नोकरीले जाऊ का? माले हाई काम भलतं आवडस. तुम्ही नही म्हनशात तं मी नही जावाव. पन तुम्हना तोंडे सांगा."

आक्कांचा घास हातातच राहिला. भूषणला ठसका लागला. आबांनी चष्मा चढवला. छपराला म्हणाले, "परत लावा म्हना."

परत लावलं. पुन्हा म्हणाले, परत. तिसऱ्यांदा झाल्यावर त्यांनी हात धुतला, टॉवेलला पुसला, आणि त्या बोकडाकडे बघून म्हणाले, "जाय ना. मी कव्हय नही म्हनं? माले कोन्ही इचारंच नही."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. कोणी विचारलंच नाही? सगळे भूषणकडे बघायला लागलो. भूषण ठेच्याकडे.

"मी... विचारणारच होतो," भूषण म्हणाला.

"बोकड्याले बोलता येस," आबा म्हणाले, अजून बोकडालाच, "आन आपला घरमा बठ्ठा मुका."

घरात सगळे मुके! म्हणजे ह्याने विचारलंच नव्हतं. एकदाही नाही! तो 'बघू', ते 'लोक काय म्हणतील', ते खूप समजावणं, सगळं ह्याने दारात उभं राहून स्वतःच रचलेलं. आणि मी महिनाभर ह्याच्या भरितात शेंगदाणे टाकत होते. मग भूषण खाली मान घालून म्हणाला, "आबांपुढे उभं राहायला मला लहानपणापासून भीती वाटते. आणि खरं सांगू? तू गेलीस की दुपारी घरी यावंसं वाटणार नाही मला." आक्का म्हणाल्या, "मंग नको येऊ, दुकानमाच जेव." मला राग आला, हसू आलं आणि पुन्हा राग आला.

मी काय केलं ते माझं मलाच खरं वाटत नाही. दाराकडे बघितलं नाही. छपराकडे नाही. सरळ आबांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, "हो आबा. जाते." त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे पाणावलेले. बहुतेक ठेचा तिखट झाला.

सरांना फोन करून सांगितलं, येते. आबांची ती खाट तेवढी दारातून काढायला हवी, आता थंडी कमी झालीय.

६ जानेवारी, सोमवार

एसटीत लिहितेय, अक्षर नाचतंय. खिडकीची जागा मिळाली. भूषण स्टँडवर सोडायला आला होता, डबा त्याने केला होता. उघडून बघायची अजून हिंमत नाही.

बस निघाली आणि थोड्या वेळाने फोन वाजला. आबा. माझ्या फोनवर त्यांचं नाव पहिल्यांदा आलं.

"हालो. मी बोलस."

"हो आबा."

मी पदर सारखा केला, फोनवर कोण बघतंय!

"एस्टी कथा पोचनी?"

"नेरला, आबा."

"बसाले जागा भेटनी का?"

"भेटली."

"बरं."

मला वाटलं ठेवतील. ठेवला नाही. मीही कसा ठेवणार, मोठ्या माणसाच्या आधी? त्यांच्याकडून कोंबडी ओरडल्याचा आवाज येत होता, माझ्याकडून कंडक्टरची घंटा. शेजारची बाई माझ्याकडे बघत होती, ही कानाला फोन लावून गप्प का बसलीय म्हणून. बऱ्याच वेळाने आबा खाकरले.

"आते कथा?"

"कुसुंब्याला आलो, आबा."